लिव्हरमधली गाठ: सुई टोचण्याआधी काय, टोचल्यावर काय

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘लिव्हर एसओएल’, म्हणजे लिव्हरमध्ये गाठीसारखं काहीतरी, असं लिहून आलं की घरात दोन तट पडतात. एक तट त्याच रात्री मुंबईची गाडी पकडायला निघतो. दुसरा म्हणतो, पू झाला असेल, गोळ्यांनी जिरेल. दोन्हीकडे चूक एकच होते, ती क्रमाची. रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचतो तेव्हा त्याच्या पिशवीत चार सोनोग्राफ्या, एक बिनइंजेक्शनचा सीटी, घाईत काढलेला पेट स्कॅन (किरणोत्सारी साखर टोचून काढायचं चित्र) आणि ‘नमुना अपुरा’ असा सुईचा रिपोर्ट असतो. जी एक तपासणी हवी असते तीच नसते. मग सगळं पहिल्यापासून.

लिव्हरमधल्या बहुतेक गाठी दुर्मीळ नसतात. हिमँजिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी पुंजका, साधी पाण्याची गाठ, अमीबाचा पू, सिरॉसिसमध्ये, म्हणजे व्रण पडून कडक झालेल्या लिव्हरमध्ये, होणारा लिव्हरचा नेहमीचा कॅन्सर, किंवा दुसऱ्या अवयवातून पसरलेला कॅन्सर, यांतलंच काहीतरी निघतं. अडचण थोड्या रुग्णांची असते. त्यांची गाठ असते एक आणि दिसते दुसरीच. ती ओळखायची तर एखादी खास तपासणी पुरत नाही. साध्या तपासण्या ठरावीक क्रमाने करायच्या, आणि कुठे काय जुळत नाही ते पाहायचं. हा लेख नातेवाइकांसाठी आहे, आणि तालुक्याच्या ज्या डॉक्टरांकडे रुग्ण पहिल्यांदा जातो त्यांच्यासाठीही. औषध ठरवायला मात्र तो वापरू नका.

## आधी एवढं पाहा: वाट पाहण्यासारखी स्थिती आहे का?

पोटात अचानक जोराची कळ येऊन घाम आणि चक्कर, थंडी वाजून ताप आणि सोबत कावीळ, रक्ताची उलटी किंवा काळी चिकट शौच, असंबद्ध बडबड किंवा न उतरणारी गुंगी. यांपैकी काहीही असेल तर पुढचे टप्पे बाजूला ठेवा आणि थेट जिल्ह्याच्या ठिकाणी इमर्जन्सीत जा. काही गाठी फुटून पोटात रक्तस्राव होतो. तिथे निदानाआधी जीव.

यांतलं काही नसेल तर तुमच्याकडे वेळ आहे. ताप, कावीळ नसलेल्या आणि धडधाकट असलेल्या माणसाच्या गाठीसाठी तपासण्या नीट लावायला आठ-पंधरा दिवस लागले, तर बहुधा काही बिघडत नाही. चुकीच्या क्रमाने गेलेल्या तीन महिन्यांनी बिघडतं.

## टप्पा १: एका पानावर हकीकत

हा टप्पा फुकट आहे आणि सगळ्यात जास्त गाळला जातो तोही हाच. ओपीडीत डॉक्टरांना पाच-सात मिनिटं मिळतात. तेवढ्यात काका म्हणतात ताप नव्हता, मुलगा म्हणतो होता. म्हणून घरी बसून, रुग्णाला स्वतःला विचारून, एका कागदावर लिहा.

वय, त्रास कधीपासून, वजन किती उतरलं, ताप कोणत्या वेळी येतो. दारू: मोहाची, ताडी की दुकानातली, रोज की बाजाराच्या दिवशी, किती वर्षं. इथे लाज बाळगू नका, कारण याच उत्तरावर पुढच्या सीटीचा अर्थ बदलतो. पूर्वी कावीळ झाली होती का, रक्त चढवलं होतं का, आई किंवा भावंडांपैकी कुणाला बी प्रकारची कावीळ आहे का.

औषधांत तीन गोष्टी हमखास लपतात. बाईच्या गर्भनिरोधक गोळ्या, जिममधल्या तरुणाची इंजेक्शनं आणि कुणीतरी दिलेली जडीबुटी. पहिल्या दोन गोष्टींचा संबंध अॅडेनोमा नावाच्या गाठीशी आहे. ही गाठ साधी असते, पण पाच सेंटिमीटरच्या पुढे गेली की रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि पुरुषात ती कॅन्सरकडे झुकण्याची शक्यता जास्त असते. जडीबुटीने लिव्हरच्या रक्ततपासण्या बिघडतात आणि मग खरं चित्र झाकलं जातं.

मेंढ्या आणि कुत्री यांच्या सहवासाबद्दल स्वतंत्र ओळ लिहा. साक्री, शिंदखेड्याकडच्या ठेलारी मेंढपाळांच्या घरात, किंवा वाड्यावर कुत्र्यांसोबत वाढलेल्या कुणालाही, हायडॅटिड या परजीवीची गाठ होऊ शकते. त्या गाठीत विचार न करता सुई घातली तर द्रव पोटात सांडतो आणि जिवावर बेतणारी अॅलर्जी होऊ शकते. ही एक ओळ कागदावर असेल तर सुई धरणारा हात थांबतो.

सिकलसेल आहे का, हेही लिहा. नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात हा प्रश्न न विचारता फाईल पुढे पाठवूच नये. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या लिव्हरमध्ये लोह साचतं आणि एमआरआयचं चित्रच बदलतं. शिवाय सिकलसेलच्या माणसाला तपासणीसाठी तासन्‌तास पाण्याविना ठेवलं तर क्रायसिस, म्हणजे रक्तवाहिन्या तुंबून तीव्र वेदनांचा झटका, येऊ शकतो.

शेवटी जुनी ऑपरेशनं. ‘गर्भपिशवी काढली होती’ एवढ्यावर थांबू नका. कशासाठी काढली, आणि काढलेल्या पिशवीचा तपासणी-रिपोर्ट कुठे आहे? अंगावरचा काळा तीळ काढला होता का? एखादा डोळा गाठीमुळे काढला होता का? डोळ्यातला मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, कित्येक वर्षांनी लिव्हरमध्ये उगवतो आणि तोवर घरातले ते ऑपरेशन विसरून गेलेले असतात.

तपासून घ्या: जुनी सोनोग्राफी सापडली का? बाळंतपणाच्या वेळची, मुतखड्याच्या वेळची, कोणतीही. पाच वर्षांपूर्वी हीच गाठ याच आकाराची होती हे कळलं, तर अर्ध्या शंका तिथेच मिटतात. पत्र्याच्या पेटीत शोधा, त्या दवाखान्यात जाऊन विचारा.

## टप्पा २: सोनोग्राफी एकदाच, पण नीट

तीन ठिकाणी तीन सोनोग्राफ्या करून काही साधत नाही. एकदाच करा, सहा तास उपाशीपोटी, आणि रेडिऑलॉजिस्टच्या हाती टप्पा १चा कागद द्या. रिपोर्टमध्ये एवढं यायला हवं: गाठ भरीव की पाणीदार, किती गाठी, कोणत्या भागात, उरलेलं लिव्हर मऊ की सिरॉसिसचं, प्लीहा वाढली का, पोटात पाणी आहे का, पोर्टल व्हेन, म्हणजे लिव्हरला रक्त आणणारी मोठी शीर, मोकळी आहे का. शक्य तर रक्तप्रवाह दाखवणारा डॉपलरही.

कधी कधी गाठच नसते. चरबीच्या लिव्हरमध्ये चरबीतून सुटलेला एखादा तुकडा गाठीसारखा दिसतो. अनुभवी डोळ्याला ते कळतं.

पुढे सीटी होणारच आहे म्हणून सोनोग्राफी हलक्यात घेऊ नका. सहा ते दहा वर्षांच्या मुलांमध्ये एम्ब्रिऑनल सार्कोमा नावाची एक दुर्मीळ गाठ होते. सीटीवर ती पाण्याने भरलेली वाटते, सोनोग्राफीवर भरीव दिसते. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले नाहीत तर मुलाला हायडॅटिड समजून महिनोन्‌महिने गोळ्या दिल्या जातात.

## टप्पा ३: रक्त

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर फंक्शन, पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), हिपॅटायटिस बी आणि सी, अल्फा फीटोप्रोटीन म्हणजे एएफपी. सुरुवातीला एवढं पुरे. ताप असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखणं), नंतर नव्हे.

‘कॅन्सर पॅकेज’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मार्करच्या, म्हणजे कॅन्सरमध्ये वाढू शकणाऱ्या रक्तातल्या पदार्थांच्या, लांब यादीवर पैसे घालवू नका. त्यातले आकडे वाचताना लोक कुठे फसतात ते सांगतो.

एएफपी नॉर्मल आला म्हणून पेढे वाटू नका. लिव्हरच्या नेहमीच्या कॅन्सरमध्येही बऱ्याच रुग्णांचा एएफपी वाढलेला नसतो. तरुणांत होणाऱ्या फायब्रोलॅमेलर कॅन्सरमध्ये तर तो साधारणपणे नॉर्मलच असतो. उलट गरोदरपणात तो आपसूक वाढतो, आणि हिपॅटायटिसच्या भरातही वाढलेला मिळतो. तान्ह्या बाळाचा एएफपी जन्मतःच हजारोंच्या घरात असतो आणि पहिल्या काही महिन्यांत उतरत जातो. त्यामुळे बाळाचा आकडा मोठ्यांच्या तक्त्यात बसवून ‘कॅन्सर’ म्हणणं चूक, आणि तीन वर्षांखालच्या मुलाच्या पोटात गाठ असताना तो न करणं ही त्याहून मोठी चूक. हिपॅटोब्लास्टोमात, म्हणजे लहान मुलांच्या लिव्हर कॅन्सरमध्ये, तो बहुधा प्रचंड वाढतो.

सीए १९-९ हा मार्कर पित्ताची नळी तुंबली तरी वाढतो. कावीळ असताना तो वाढला तर त्याचा अर्थ कावीळ उतरल्यावरच लावा.

अमीबाची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली तरी जपून. आपल्याकडे अमीबा होऊन गेलेले लोक पुष्कळ आहेत आणि अँटिबॉडी दीर्घकाळ रक्तात राहते. आजची गाठ अमीबाचीच आहे, एवढं ती एकटी सिद्ध करत नाही.

## टप्पा ४: तीन फेऱ्यांचा सीटी, किंवा एमआरआय

निदानाचा कणा हाच. गडबडही सगळ्यात जास्त इथेच होते.

साधा सीटी, म्हणजे इंजेक्शन न देता काढलेला, लिव्हरच्या गाठीसाठी जवळपास वाया जातो. एकाच वेळी काढलेला कॉन्ट्रास्ट सीटीही अपुरा. हवा असतो ट्रायफेजिक: इंजेक्शन गेल्यावर साधारण ३५ सेकंदांनी पहिली फेरी, ७० सेकंदांच्या आसपास दुसरी, ३ ते ५ मिनिटांनी तिसरी. गाठ औषध कधी शोषते आणि कधी सोडते, यावरून ती ओळखायची असते. हिमँजिओमा कडेकडेने ठिपक्याठिपक्यांनी भरत हळूहळू आत जातो. सिरॉसिसमधला कॅन्सर पहिल्या फेरीत उजळतो आणि नंतर आसपासच्या लिव्हरपेक्षा फिका पडतो. फेरी चुकली तर ही गोष्टच कळत नाही.

म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘सीटी अॅब्डोमेन’ एवढंच असेल तर तिथेच विनंती करा: ‘डॉक्टर साहेब, लिव्हरसाठी ट्रायफेजिक लिहून द्या.’ सेंटरवर पैसे भरण्याआधी पुन्हा विचारा.

निघण्याआधी:

- क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनबद्दल विचारून घ्या. किडनी कमजोर असेल तर ती गोळी काही काळ थांबवावी लागते.
- पूर्वी कॉन्ट्रास्टने अंगावर गांधी उठल्या असतील किंवा दम लागला असेल तर आधीच सांगा.
- किती तास उपाशी राहायचं ते सेंटरला विचारा आणि तेवढंच राहा. मे महिन्यात धडगावहून पहाटे निघालेला माणूस दुपारी दोनपर्यंत थेंबभर पाण्याविना बसलेला असतो. किडनीसाठी ते वाईट, सिकलसेलमध्ये धोक्याचं.
- एमआरआय असेल तर पेसमेकर, जुने क्लिप, डोळ्यात उडालेला लोखंडी कण. वेल्डिंग किंवा लेथवर काम केलेल्यांनी हे आवर्जून सांगावं.

सीटी की एमआरआय? सिरॉसिस, रक्तस्राव, मोठी गाठ, धाप लागलेला रुग्ण, अशा वेळी सीटी बरा. लहान गाठी, तरुण रुग्ण, अॅडेनोमा आणि एफएनएच यांतला गोंधळ, पाणीदार गाठीतले पडदे, इथे एमआरआय जास्त सांगतो. एफएनएच म्हणजे फोकल नोड्युलर हायपरप्लेझिया, लिव्हरच्याच पेशींची निरुपद्रवी वाढ. लिव्हरच्या पेशी शोषतात असं एक खास एमआरआय इंजेक्शन असतं, त्याने वीस मिनिटांनी काढलेल्या चित्रात एफएनएच आणि अॅडेनोमा बहुधा वेगळे करता येतात. ते महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही. लागेल तेव्हाच मागवावं.

सावध: पहिली तपासणी म्हणून पेट स्कॅन नको. टीबी त्यात चमकतो, पूही चमकतो, आणि लिव्हरचे काही कॅन्सर मुळीच चमकत नाहीत. पेटची वेळ नंतर येते, कशासाठी हवा ते ठरल्यावर.

तपासून घ्या: फिल्मसोबत सीडी मागून घ्या आणि ती घरच्या किंवा सायबर कॅफेच्या संगणकावर उघडते का पाहा. खिडकीला लावलेल्या फिल्मचा व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो बघून कोणताही प्रामाणिक रेडिऑलॉजिस्ट मत देणार नाही.

## टप्पा ५: जुळवणी

आता सगळे कागद टेबलावर. प्रश्न एकच: रिपोर्टवर लिहिलेलं निदान या माणसाला शोभतं का? वय, प्रकृती, रक्त, चित्र आणि औषधाला मिळालेला प्रतिसाद या सगळ्यांत ते बसलं तर पुढे जा. एक जरी अडत असेल तर थांबा. दुर्मीळ गाठी इथेच सापडतात, म्हणून ज्या जोड्यांत गल्लत होते त्या नीट पाहू.

पू वाटतो, पण गाठ असू शकते. खान्देशात दारू पिणारा मधल्या वयाचा पुरुष, ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणं असं दिसलं की अमीबाचा पू समजून मेट्रोनिडॅझोल सुरू होतं. बहुतेकदा ते बरोबरच असतं. ‘गाठ शे का पू शे?’ असं अहिराणीत विचारणाऱ्या घरच्यांना उत्तर औषधच देतं: तीन ते पाच दिवसांत ताप आणि दुखणं स्पष्ट उतरायला हवं. उतरलं नाही तर चौथं अँटिबायोटिक बदलून बघायचं नाही. पू काढून कल्चरला पाठवा, भिंतीचा तुकडा तपासा. आतून कुजलेला कॅन्सर हुबेहूब पूसारखा दिसतो, तापही आणतो.

याच्या उलटीही चूक होते. ताप गेला, भूक लागली, वजन वाढलं, तरी महिन्याने केलेल्या सोनोग्राफीत पोकळी दिसते म्हणून घबराट. अमीबाची पोकळी भरायला कित्येक महिने लागतात. माणूस बरा असेल तर पोकळीमागे धावू नका. फक्त मेट्रोनिडॅझोलनंतर आतड्यातला अमीबा मारणारी दुसरी गोळी दिली होती का ते पाहा. ती बऱ्याचदा राहून जाते आणि पू पुन्हा होतो.

हायडॅटिड किंवा साधी पाण्याची गाठ वाटते, पण पडदे आहेत. मधल्या वयाची बाई, एकच मोठी पाणीदार गाठ, आत जाड पडदे. ही म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम असू शकते, आणि ती जवळपास बायकांनाच होते. दोनदा पाणी काढलं आणि दोनदा भरलं, अशी हकीकत आली की शंका घ्यायलाच हवी. पाणी काढून किंवा नुसतं झाकण कापून ती जात नाही, पूर्ण काढावी लागते, कारण तिचा पुढे कॅन्सर होऊ शकतो.

एफएनएच वाटतो, पण फायब्रोलॅमेलर असू शकतो. दोन्ही तरुणांत होतात, दोन्हींत लिव्हर निरोगी असतं, दोन्हींच्या मध्ये व्रणासारखा पट्टा असतो. एमआरआयच्या टी-२ चित्रात हा पट्टा एफएनएचमध्ये सहसा उजळ दिसतो, फायब्रोलॅमेलरमध्ये काळसर, आणि त्यात कॅल्शियमचे कण असू शकतात. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला ‘साधी गाठ आहे, वर्षाने या’ असं सांगण्याआधी हा फरक कुणीतरी पाहिलेला असला पाहिजे.

हिमँजिओमा वाटतो, पण वाढतो आहे. हिमँजिओमा असलेला माणूस झिजत नाही. तीन महिन्यांत गाठी वाढल्या, प्लेटलेट घसरल्या, वजन उतरलं, तर अँजिओसार्कोमाचा विचार करा. अत्यंत दुर्मीळ आणि अत्यंत वेगवान. यात सुईने रक्तस्राव होण्याचा धोका जास्त, म्हणून ती जिल्ह्याच्या ओपीडीत करायची गोष्ट नाही.

पसरलेला कॅन्सर वाटतो, पण माणूस ठणठणीत आहे. ही जोडी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण इथे लोक आशा सोडून घरी नेतात. दोन्ही भागांत पंधरा-वीस गाठी, रिपोर्टवर ‘मेटास्टॅसिस’ म्हणजे पसरलेला कॅन्सर, आणि बाई मात्र केळीच्या बागेत कामाला जाते आहे. कोलोनोस्कोपी, एंडोस्कोपी, स्तनांची तपासणी सगळं कोरं. तेव्हा दोन नावं आठवावीत. एक एपिथेलिऑइड हिमँजिओएंडोथेलिओमा: गाठी लिव्हरच्या कडेला असतात, आणि त्यांच्यावरचं आवरण फुगण्याऐवजी आत खेचलेलं दिसतं. हा बराच काळ संथ राहू शकतो, आणि गाठी अनेक असल्या तरी निवडक रुग्णांत लिव्हर प्रत्यारोपणापर्यंतचा विचार होतो. दुसरं न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर: आतड्यातली किंवा स्वादुपिंडातली मूळ गाठ इतकी लहान की सापडत नाही, लिव्हर भरलेलं, माणूस चालता-फिरता. त्याच्यासाठी डोटाटेट नावाचा वेगळा पेट असतो. दोन्हींचे उपचार नेहमीच्या केमोपेक्षा निराळे. म्हणून तुकडा तपासल्याविना ‘चौथी स्टेज’ हे शब्द स्वीकारू नका.

कॅन्सर वाटतो, पण टीबी आहे. बारीक ताप, घाम, लिव्हर फंक्शनमधलं अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं, लिव्हरमध्ये गाठी. छातीचा एक्स-रे स्वच्छ असला तरी टीबी असू शकतो. सरकारी टीबी कार्यक्रमात नमुन्याची सीबीनॅट (टीबीचे जंतू जनुकांवरून शोधणारी) तपासणी मोफत होते, पण त्यासाठी नमुना योग्य बाटलीत पोहोचायला हवा. त्याबद्दल टप्पा ७मध्ये.

आयजीजी-४ नावाचा सूजेचा आजारही गाठीचं सोंग घेतो आणि स्टेरॉइडने विरघळतो. म्हणूनच पुढचा इशारा.

सावध: तुकडा तपासायच्या आधी ‘देऊन बघू’ म्हणून स्टेरॉइड घेऊ नका. लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सरसुद्धा स्टेरॉइडने तात्पुरता आटतो. मग तुकड्यात काही सापडत नाही, आणि महिन्याभरात तो परत येतो.

## टप्पा ६: सुई हवी की नको, कोण ठरवणार

चित्र नमुनेदार असेल तर तुकडा लागत नाही. हिमँजिओमा आणि एफएनएच चित्रावर ठरतात. सिरॉसिस किंवा जुना हिपॅटायटिस बी असलेल्या प्रौढात गाठ पहिल्या फेरीत उजळून पुढे फिकी पडत असेल, तर लिव्हरच्या कॅन्सरचं निदान तुकड्याविना मान्य केलं जातं. हा नियम फक्त त्या रुग्णांपुरता आहे. निरोगी लिव्हरमध्ये, मुलांमध्ये, किंवा लिव्हरच्या शिरा तुंबल्याने झालेल्या आजारात तो लावला की चूक होते. मला दिसणाऱ्या चुकीच्या ‘एचसीसी’, म्हणजे लिव्हरच्या नेहमीच्या कॅन्सरच्या, रिपोर्टांत अशीच उसनवारी जास्त असते.

गाठ एकच असेल आणि ऑपरेशनने निघण्यासारखी असेल, तर सुई टोचण्याआधी लिव्हर सर्जनला चित्रं दाखवा. सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजण्याचा धोका थोडा असतो, लिव्हर कॅन्सरमध्ये शंभरांत दोन-तीन एवढा. शक्यता कमी आहे, पण ऑपरेशनने पूर्ण बरा होऊ शकणाऱ्या माणसाला ती का घ्यायला लावायची? काढलेली गाठच तपासता येते.

हायडॅटिडची शंका मिटलेली नसेल तर सुई नाही. आधी अँटिबॉडी, आधी एमआरआय, आणि द्रव काढायचाच असेल तर अल्बेंडाझोल हे परजीवीवरचं औषध चालू ठेवून, अॅलर्जीची तयारी असलेल्या ठिकाणी.

बाकीच्यांना, म्हणजे जुळत नाही अशा जवळपास सगळ्यांना, तुकडा लागतो.

## टप्पा ७: तुकडा काढण्याचा दिवस

बारीक सुईने पेशी ओढणारी एफएनएसी आणि जाड सुईने तुकडा काढणारी बायोप्सी यांत फरक आहे. दुर्मीळ गाठीसाठी एफएनएसी सहसा पुरत नाही. चिठ्ठीवर ‘ट्रू-कट बायोप्सी’ आहे ना ते पाहा. तुकडे एकापेक्षा जास्त हवेत, आणि गाठीच्या कुजलेल्या मध्यातून नव्हे, जिवंत कडेतून. शक्य तिथे सुई थोड्या निरोगी लिव्हरमधून आत जावी, म्हणजे रक्तस्राव आवरतो.

आयएनआर आणि प्लेटलेट ताजे. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी कोणतीही गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. स्टेंट बसवलेल्या माणसाने मनानेच गोळी बंद करणं गाठीपेक्षा घातक ठरू शकतं.

बाटल्या आता. इथे एक मिनिटाच्या निष्काळजीपणाने पुढचे दोन महिने जातात.

- हिस्टोपॅथॉलॉजीचा (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा) तुकडा १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट द्रावणात. सलाइनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये नको.
- कल्चर आणि टीबीच्या सीबीनॅटचा नमुना वेगळ्या निर्जंतुक बाटलीत, फॉर्मेलिनशिवाय. फॉर्मेलिनमध्ये पडलेल्या तुकड्याचं कल्चर होत नाही.
- दोन्ही बाटल्यांवर नाव, वय, तारीख, कुठून काढला. झाकणावर नाही, बाटलीवर. झाकणं अदलाबदल होतात.
- पॅथॉलॉजिस्टसाठी टप्पा १चा कागद आणि सीटीचा रिपोर्ट. ‘लिव्हर बायोप्सी, मत द्यावे’ एवढ्या चिठ्ठीवर त्यांनी काय सांगावं?

बायोप्सीनंतर काही तास पडून राहायचं, नाडी-रक्तदाब पाहत. मोठा रक्तस्राव झालाच तर बहुधा पहिल्या चोवीस तासांत होतो. त्यामुळे धुळ्यात बायोप्सी करून संध्याकाळच्या एसटीने शहाद्याच्या पलीकडे घरी जाऊ नका. रात्र गावात, दवाखान्याजवळ काढा. खांद्यात कळ, पोट फुगणं, चक्कर आली तर लगेच परत.

## टप्पा ८: पहिला रिपोर्ट, मग दुसरं मत

पहिल्या रिपोर्टवर ‘मॅलिग्नंट ट्यूमर’ किंवा ‘पुअरली डिफरन्शिएटेड कार्सिनोमा’ एवढंच असेल तर ते निदान अर्धवट आहे. पुढची पायरी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे तुकड्यावर खास रंग चढवून पेशींचं कूळ शोधणं. हेप-पार-१ आणि अर्जिनेज-१ लिव्हरच्या पेशी दाखवतात. सीडी-३१, सीडी-३४, ईआरजी हे रक्तवाहिन्यांच्या गाठी दाखवतात, आणि त्यातही कॅम्टा-१ हिमँजिओएंडोथेलिओमाकडे बोट करतो. सिनॅप्टोफायझिन, क्रोमोग्रॅनिन न्यूरोएंडोक्राइनचे. एचएमबी-४५ अँजिओमायोलायपोमाचा. ही चरबी आणि रक्तवाहिन्यांची, बहुतांशी साधी गाठ. तिला कॅन्सर म्हटल्याने मोठं ऑपरेशन झाल्याची उदाहरणं आहेत. फायब्रोलॅमेलरसाठी एक ठरावीक जनुकीय जोड तपासता येते.

हे रंग डॉक्टरच ठरवतील. तुमचं काम तुकडा सांभाळायचं. तो लहान असतो आणि प्रत्येक तपासणीत थोडा संपतो. त्यामुळे रंगांची लांब यादी एका लॅबमध्ये आणि तीच पुन्हा दुसऱ्या लॅबमध्ये, असं करू नका. जिथे अखेरचं मत घ्यायचं आहे तिथेच मोठी यादी होऊ द्या.

जुळत नाही असं वाटलं की स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) दोन्ही लॅबमधून लेखी पोच देऊन मागून घ्या. ते मागताना संकोच नको. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या केंद्रात बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक पुन्हा तपासले जातात. त्यासाठी दर वेळी रुग्णाला न्यावंच लागतं असं नाही, आधी चौकशी करा. कागद, सीडी आणि रिपोर्ट पाठवून ऑनलाइन मत घेण्याची ‘नव्या’ नावाची सोयही आहे, नॅशनल कॅन्सर ग्रिड या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्याशी जोडलेली.

सावध: ब्लॉक मेणाचा असतो, साधारण ५६ ते ६० अंशांना वितळणारा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड तेवढा तापतो. ब्लॉक थंड पिशवीत, अंगाजवळ न्या, गाडीत ठेवून जेवायला उतरू नका. स्लाइड प्लास्टिकच्या डबीत. पाकिटात फुटतात.

तपासून घ्या: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तपासण्यांवर खर्च करण्याआधी विचारा, आणि रेशनकार्ड, आधारवरची नावं जुळतात का पाहा.

## टप्पा ९: उपचार, किंवा वाट पाहणं

निदान ठरल्यावरही एक बैठक मागा, ज्यात रेडिऑलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट, सर्जन आणि कॅन्सरतज्ज्ञ यांनी एकत्र फाईल पाहिली आहे. मोठ्या केंद्रात त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. दुर्मीळ गाठीत पॅथॉलॉजीचा कागद आणि सीटी एकमेकांशी भांडत असतील तर तुकडा गाठीतूनच आला होता का, हा प्रश्न पहिला. सुई कधी कधी शेजारच्या लिव्हरमध्ये जाते आणि ‘कॅन्सर आढळला नाही’ असा रिपोर्ट येतो. तो रिपोर्ट खरा असतो, फक्त गाठीबद्दल नसतो. अशा वेळी बायोप्सी पुन्हा करावी लागते.

नुसतं लक्ष ठेवायचं ठरलं तर पुढची तारीख लेखी घ्या, आणि तपासणी तीच, शक्यतो त्याच मशीनवर, त्याच तीन फेऱ्यांची. मार्चमध्ये सीटी आणि सप्टेंबरमध्ये सोनोग्राफी केली तर गाठ वाढली की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. जुनी सीडी सोबत द्या, आणि रिपोर्टमध्ये ‘मागच्या तपासणीशी तुलना’ ही ओळ आली आहे का ते काउंटरवरच पाहा. नसेल तर तिथूनच परत करा.